मिटलेले पुस्तक

सातव्या इयत्तेत शिकणारा एक मुलगा गुरुवारी सायंकाळी इतिहासाचा धडा वाचत बसला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात वीस गुणांची चाचणी होती. धडा पन्हाळगडच्या वेढ्याचा होता. मुलाने तो एकदा वाचला, दोनदा वाचला आणि अखेरीस पाच वेळा वाचला. महत्त्वाच्या ओळींखाली त्याने तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढल्या. पाचव्या वाचनाच्या वेळी तर वाक्य पुरते डोळ्यांखालून जाण्याआधीच ते कसे संपणार हे त्याला कळू लागले. मग मोठ्या समाधानाने त्याने दप्तर आवरले.

शुक्रवारी प्रश्नपत्रिका हाती आली. सिद्दी जौहर कोणत्या सत्तेचा सरदार होता? वेढा कोणत्या साली पडला? विशाळगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांपुढे कोणती नवी अडचण उभी राहिली? मुलाने डोळे मिटले. पुस्तकाचे पान त्याला स्वच्छ दिसत होते. डाव्या बाजूस गडाचे चित्र होते, चित्राखाली तांबडी रेघही होती. परंतु त्या रेघेवर अक्षरे मात्र नव्हती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याचा अर्धा कागद कोराच होता. वीसपैकी सात गुण मिळाले.

गुण कमी पडले याचे दुःख दोन दिवसांत ओसरले असते. पण त्या मुलाच्या मनाने निराळाच निष्कर्ष काढला होता. ज्याने आळस केला त्याला निदान एवढे तरी म्हणता येते, की अभ्यास केला असता तर जमले असते. या मुलाने अभ्यास केला होता, आणि तरीही त्याला आले नव्हते. तेव्हा दोष आपल्या बुद्धीतच असला पाहिजे, असे त्याने ठरविले. त्याचा थोरला चुलतभाऊ नववीतूनच शाळा सोडून मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात कामाला लागला होता. त्यालाही सगळे हेच म्हणत असत, की याच्या डोक्यात काही राहत नाही. आपलीही वाट तीच, असे मुलाला वाटू लागले. बाराव्या वर्षी स्वतःविषयी असा निकाल देऊन मोकळे होणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

घरी आजी चिंचेच्या कोळाने पितळेची समई घाशीत बसली होती. नातवाचा चेहरा पाहून तिने विचारले, “काय रे, पेपर अवघड होता का?”

“पेपर सोपा होता, आजी. मलाच काही आठवलं नाही. पाच वेळा वाचूनसुद्धा!”

“पाच वेळा वाचलास, ते खरं. पण पुस्तक मिटून किती वेळा म्हटलंस?”

मुलगा गप्प राहिला. आजीने हात धुतले, चष्मा लावला आणि पुस्तक मागून घेतले. “हं, आता सांग पाहू. मी ऐकते.”

मुलाने सांगण्यास आरंभ केला. पन्हाळ्यास वेढा पडला; पावसाळा आला तरी तो उठला नाही; मग एका पावसाळी रात्री महाराज निवडक लोकांनिशी गडाबाहेर पडले; शिवा काशीदने महाराजांचे सोंग घेऊन शत्रूला चकविले आणि प्राण दिले; बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले. येथवर गोष्ट चांगली रंगली. “मग महाराज विशाळगडावर पोचले आणि त्यांनी तोफांची इशारत केली,” मुलाने घाईने शेवट केला.

“असे कसे पोचले?” आजीने पानावर बोट ठेवले. “इथे तर मधे आणखी काही लिहिलंय. तू त्याच्याखाली रेघही मारली आहेस.”

विशाळगडाच्या पायथ्याशीही शत्रूचा वेढा होता. सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांच्या फौजा वाट अडवून बसल्या होत्या. रात्रभर चालून थकलेल्या मावळ्यांना तेथेही तलवार चालवावी लागली, तेव्हा कोठे गडाची वाट मोकळी झाली. खिंडीतला प्रसंग मनात इतका ठसला होता, की त्यापुढचा हा मजकूर पाच वाचनांत पाचही वेळा मुलाच्या डोळ्यांपुढून नुसता सरकून गेला होता. आता मात्र तो चपापला. सन १६६०, सिद्दी जौहर, विजापूरची आदिलशाही ही नावेही आजीने एकामागून एक विचारली. जे अडले, ते त्याने पुस्तकात पाहिले आणि पुन्हा पुस्तक मिटून सांगितले. साऱ्या खटाटोपास वीस मिनिटेही लागली नाहीत.

“आमच्या लहानपणी दिवेलागण झाली की परवचा म्हणावा लागे,” आजी म्हणाली. “पाढे, पावकी, निमकी, वार, महिने, नक्षत्रं. पुस्तक कोणाच्या हातात नसायचं. अडलास की वडील तिथेच थांबवीत, आणि पुन्हा मागून म्हणावं लागे.”

परवचा म्हणजे रोज सायंकाळी मोठ्यांसमोर केलेली तोंडपाठ उजळणी. एके काळी महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत ही रीत होती. तिच्यात एक उणेही होते: अर्थ न कळता म्हणणारी मुलेही पुष्कळ असत, आणि त्या पोपटपंचीबद्दल जाणत्यांनी तिला नावेही ठेवली आहेत. परंतु एक गोष्ट त्या रीतीत पक्की होती. मुलाला येते की नाही, हे पुस्तक मिटल्यावरच ठरत असे.

वाचताना कळणे आणि न वाचता आठवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वडिलांच्या मागून मामाच्या गावी दहा वेळा गेलेल्या मुलास वाटेवरचे वडाचे झाड, विहीर, देऊळ हे सारे ओळखीचे असते. झाड दिसले की ‘हे आपले नेहमीचे झाड’ असे त्याला वाटते. पण एखाद्या दिवशी त्याला एकट्याला पाठविले, तर पहिल्याच फाट्याशी तो गोंधळून उभा राहतो. कारण वळावे कोठे, हे आजवर त्याला ठरवावेच लागले नव्हते. पुस्तक उघडे ठेवून पाचव्यांदा वाचणाऱ्याचे असेच होते. प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते, आणि त्या ओळखीलाच तो ज्ञान समजून बसतो. परीक्षेत मात्र वाट दाखविणारे कोणी पुढे चालत नाही.

मनुष्य किती विसरतो आणि केव्हा विसरतो, याचे मोजमाप प्रथम नेटाने केले ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने. त्याचा जन्म १८५० साली झाला. त्याने प्रयोगासाठी दुसऱ्या कोणास धरले नाही. स्वतःवरच प्रयोग केले. जे शब्द आधीच ठाऊक आहेत ते पाठ करण्यात मोजमाप चुकेल, म्हणून त्याने ज्यांना काहीच अर्थ नाही असे सुमारे २,३०० लहान लहान अक्षरगट तयार केले. त्यांच्या माला तो ठरावीक गतीने वाची, न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करी, आणि मग काही काळ जाऊ देऊन तीच माला पुन्हा पाठ करी. दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले, यावरून मनात किती शिल्लक राहिले होते हे तो ठरवीत असे. समजा, पहिल्या वेळी एखादी माला पाठ होण्यास १०० पळे लागली आणि दुसऱ्या वेळी ६६ पळांत काम झाले, तर ३४ पळांचे श्रम वाचले. म्हणजे शेकडा ३४ भाग शिल्लक होता असे धरावयाचे. असे शेकडो वेळा करणे किती कंटाळवाणे असेल, याची कल्पनाच केलेली बरी! या साऱ्या श्रमांचा वृत्तान्त त्याने १८८५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

त्याला आढळले ते असे. पाठ केल्यानंतर वीस मिनिटांतच शिल्लक शेकडा ५८ वर आली. एका तासाने ती ४४ झाली. एका दिवसाने ३४ उरली. यापुढे मात्र घसरण मंदावली: सहा दिवसांनी २५, आणि एकतीस दिवसांनीही २१. ही निरर्थक अक्षरांची गोष्ट आहे. अर्थ असलेला धडा इतक्या वेगाने विसरला जात नाही. तथापि विसरण्याचा उतार आरंभीच अतिशय तीव्र असतो, ही गोष्ट पुढील संशोधकांच्या प्रयोगांतही पुनःपुन्हा दिसून आली. म्हणून सोमवारी शिकविलेल्या धड्याकडे पुढील महिन्यात परीक्षा आल्यावरच जो पाहतो, तो सगळे वाहून गेल्यावर बांध घालावयास निघालेला असतो.

एबिंगहाउसचा आणखी एक प्रयोग विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. बारा अक्षरगटांची एक माला त्याने एकाच दिवशी ६८ वेळा घोकली. दुसरी तशीच माला त्याने तीन दिवसांत वाटून एकूण ३८ वेळाच घोकली. नंतर दोन्हींची परीक्षा घेता लाभ सारखाच झालेला दिसला. तीस आवृत्त्यांचे श्रम केवळ दिवस वाटून घेतल्याने वाचले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून तीन तास बसण्यापेक्षा तोच वेळ आठवडाभरात थोडा थोडा वाटून घेतलेला का फलदायी ठरतो, हे या हिशेबावरून कळते.

एबिंगहाउस प्रौढ होता आणि विद्वान होता. मुलांचे काय? अमेरिकेतील आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर याने याचा शोध घेतला आणि त्याचे फलित १९३९ साली प्रसिद्ध केले. त्याने सहाव्या इयत्तेतील ३,६०५ मुलामुलींना बांबू आणि भुईमूग यांवरील लेख वाचावयास दिले. काही तुकड्यांची वाचनानंतर लगेच चाचणी घेतली, काहींची दुसऱ्या दिवशी, काहींची सात दिवसांनी, आणि काहींची तर थेट ६३ दिवसांनी. ज्या मुलांना आरंभीच आठवून उत्तरे देण्याची संधी मिळाली होती, त्यांना तो मजकूर पुढे अनेक आठवडे बऱ्याच अंशी आठवत राहिला. ज्यांना अशी संधी मिळाली नव्हती, ती मुले एका दिवसातच पुष्कळसे विसरून गेली. चाचणी म्हटली की मुलांच्या पोटात गोळा येतो; परंतु या मुलांना स्मरण टिकविण्यास साहाय्य केले ते चाचणीनेच.

या गोष्टीस अलीकडच्या काळात अधिक बळकटी आली. अमेरिकेतील सेंट लुईस येथील विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सूर्य आणि समुद्रात राहणारे पाणमांजर यांवरील उतारे त्यांनी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना दिले. कधी विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. कधी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी उतारा बाजूस ठेवून, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर दोनदा वाचण्याची सरशी दिसली: शेकडा ८१ विरुद्ध ७५. पण एका आठवड्याने चित्र पालटले. दोनदा वाचलेले शेकडा ४२ आठवले, तर आठवून लिहिलेले ५६. याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट दुसऱ्या प्रयोगात दिसली. आपल्याला आठवड्याने किती आठवेल, असे विचारले तेव्हा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच स्वतःचा भरवसा अधिक वाटला होता! गुरुवारी सायंकाळी दप्तर आवरताना आपल्या मुलाला जे समाधान वाटले, ते नेमके याच जातीचे होते.

मग त्या मुलाने काय केले?

त्याने आपला अभ्यासाचा वेळ वाढविला नाही. त्याची मांडणी बदलली. शाळेतून आल्यावर खाणे, खेळणे झाले, की वही उघडण्यापूर्वी तो एक कोरा कागद घेई आणि आज वर्गात कोणत्या विषयात काय झाले, ते आठवून पाच-सात ओळींत लिही. आरंभी दोन ओळींपुढे लेखणी सरकेना. विज्ञानाच्या तासाला आपण काय ऐकले, हे एके दिवशी त्याला मुळीच आठवले नाही. तेव्हा तासाला आपले लक्ष खिडकीबाहेर होते, हेही त्याला कळून चुकले. मग पुस्तक उघडून तो उणे-अधिक ताडून पाही. जे आठवले ते सोडून द्यावयाचे आणि जे आठवले नाही तेवढेच नीट वाचावयाचे, असा त्याचा नेम ठरला. पाच वेळा सगळा धडा वाचण्यापेक्षा हे काम लवकर आटोपते, पण ते अधिक कष्टाचे वाटते. पहिले काही दिवस त्याला हा प्रकार अजिबात आवडला नाही, हेही सांगितले पाहिजे. उघड्या पुस्तकापुढे विद्यार्थ्याला आपण शहाणे आहोत असे वाटते; मिटलेल्या पुस्तकापुढे आपले अज्ञान दिसते, आणि ते पाहणे कोणालाच सुखाचे नसते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर आजी चतुर्थी-एकादशी पाही आणि दुधाचे खाडे मांडून ठेवी. त्याच दिनदर्शिकेवर मुलाने बारीक अक्षरांत आपल्या खुणा करण्यास आरंभ केला. इतिहासाचा पाचवा धडा आज झाला, तर परवाच्या चौकोनात ‘इ. ५’, पुढे आठ दिवसांनी ‘इ. ५’ आणि महिनाअखेरीस पुन्हा ‘इ. ५’. त्या त्या दिवशी तो धडा पुस्तक न उघडता सांगावयाचा. प्रथम वीस मिनिटे लागत, पुढच्या खेपेस दहा, आणि महिनाअखेरीस पाचांतच काम होई. एखाद्या दिवशी खूण तशीच राहून जाई. तेव्हा आजी दुधाच्या खाड्याबरोबर तोही खाडा सांगून दाखवी.

नावे, सने, सूत्रे, शब्दार्थ यांसाठी त्याने चिठ्ठ्या केल्या. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर तो प्रश्न लिही आणि छापील बाजूच्या मोकळ्या कोपऱ्यात उत्तर. चिठ्ठ्या ठेवण्यासाठी मिठाईचा एक रिकामा खोका मिळाला. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करून त्याने तीन कप्पे पाडले. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाई. चुकले की पुन्हा पहिल्यात येई. पहिला कप्पा रोज पाहावयाचा, दुसरा तीन-चार दिवसांनी, तिसरा पंधरवड्याने. ही युक्ती काही त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ सालच्या आपल्या पुस्तकातून ती लोकांपुढे मांडली होती, आणि ती शाळेतल्या बाईंनी मुलांना सांगितली होती. तिच्यातील खुबी अशी, की जे येत नाही तेच पुनःपुन्हा समोर येते. एरवी बहुतेक मुले याच्या उलट करतात. येत असलेली कविता मोठ्याने दहा वेळा म्हणतात आणि अडणाऱ्या कवितेचे पान हळूच उलटतात.

गणिताचा गृहपाठ हे मात्र निराळेच दुखणे होते. शेजारी मार्गदर्शक पुस्तिका, म्हणजे मुले जिला गाईड म्हणतात ती, उघडी ठेवून मुलगा उदाहरणे सोडवीत असे. सोडविलेले उदाहरण वाचले, की पायरीमागून पायरी पटत जाते आणि हे आपल्यालाही आले असते असे वाटते. वहीत सारी उत्तरे बरोबर येत. गुरुजी खाली सही करीत. अशा वहीचा उपयोग कोणाला? मुलाला काय येत नाही हे गुरुजींना कळत नाही, आणि मुलालाही कळत नाही. मित्राच्या वहीतून उतरवून घेतलेल्या गृहपाठाची हीच गत असते. गृहपाठ हा वर्गाबाहेरचा सराव आहे आणि सरावात चुका व्हावयाच्याच. आपल्या हातून झालेली चूक वहीत उमटली, तर गुरुजींची तांबडी शाई तिच्यावर बोट ठेवू शकते. मुलाने गाईड फेकून दिले नाही. आधी आपण सोडवावयाचे, अडले तर दहा मिनिटे झगडावयाचे, आणि त्यानंतरच एक पायरी पाहून पुन्हा झाकून ठेवावयाचे, एवढा निर्बंध त्याने स्वतःवर घातला.

गणिताविषयी आणखी एक गोष्ट आहे. शेकडेवारीच्या प्रकरणाखालील दहाही उदाहरणे शेकडेवारीचीच असतात. तेव्हा रीत कोणती लावावी, हा विचारच करावा लागत नाही. परीक्षेत मात्र शेकडेवारी, सरळव्याज, क्षेत्रफळ असे सारे प्रकार सरमिसळ येतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सातवीच्याच विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही उदाहरणांचा सराव एका प्रकारचा एका वेळी असा दिला होता, तर काहींचा निरनिराळे प्रकार मिसळून. शेवटच्या उजळणीनंतर एका दिवसाने चाचणी घेतली, तेव्हा एकसुरी सरावाने शेकडा ६४ आणि मिश्र सरावाने ८० गुण मिळाले. तीस दिवसांनी हेच आकडे अनुक्रमे ४२ आणि ७४ झाले. आपल्या मुलाने रविवारी मागील तीन प्रकरणांतून दोन-दोन उदाहरणे उचलून सोडविण्याचा परिपाठ ठेवला. पहिल्या रविवारी सहापैकी तीन चुकली.

अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी, मेज हवे, दिवा हवा, असे म्हटले जाते. ती साधने असतील तर उत्तमच. परंतु ज्याच्या घरी ती नाहीत, त्याने अडून बसण्याचे कारण नाही. पुस्तक मिटून आठवावयाचे असेल तर ते शाळेच्या वाटेवर, बसच्या रांगेत, धाकट्या भावंडाला खेळवीत असतानाही करता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय शिक्षण होत असताना त्यांचे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. दिवसा त्या खोलीत माणसांची वर्दळ असे. म्हणून वडील रामजी सुभेदार त्यांना लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास, सारे शांत असताना, अभ्यासाला उठवीत. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. लवकर निजल्याशिवाय दोन वाजता उठता येत नाही, ही गोष्ट या कथेतून पुष्कळदा गाळली जाते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलास रोज नऊ ते बारा तास आणि तेरा वर्षांपुढील मुलास आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसा शिकलेले मनात पक्के करण्याचे काम पुष्कळसे झोपेतच चालते. ज्याच्या घरी रात्री शांतता असते, त्याने दोन वाजता उठण्याची मुळीच गरज नाही.

उलट, सर्व साधने असूनही उशाशी भ्रमणध्वनी ठेवून बसणाऱ्याचे चित्त दर पाच मिनिटांनी दाराबाहेर जाऊन येते. आजीने त्यावर एक साधा उपाय केला. अभ्यासाच्या वेळी घरातला तो यंत्रदूत साखरेच्या डब्याशेजारी फळीवर चढे आणि अभ्यास संपल्यावरच खाली उतरे.

दिवाळीपूर्वी प्रथम सत्राची परीक्षा झाली. इतिहासाच्या पेपरात पन्हाळगडच्या वेढ्यावर प्रश्न होता. विशाळगडाच्या पायथ्याची लढाई मुलाने सविस्तर लिहिली. मात्र दुसऱ्याच एका धड्यातील सन चुकला. घरी येताच त्याने ती चिठ्ठी तिसऱ्या कप्प्यातून काढून पहिल्यात टाकली. गणितात तो पूर्वीपेक्षा बरा झाला होता, पण भूमितीचे प्रमेय अजूनही त्याला छळीत होते.

भाऊबीजेच्या दिवशी गॅरेजात काम करणारा चुलतभाऊ घरी आला. त्याने तो मिठाईचा खोका उघडला आणि आत मिठाईऐवजी चिठ्ठ्या पाहून तो हसू लागला. मग सहज एक चिठ्ठी उचलून त्याने प्रश्न विचारला. मुलाने उत्तर दिले. दुसरी, तिसरी, अशा वीसेक चिठ्ठ्या झाल्या. मुलगा म्हणाला, “दादा, आता मी विचारतो.” त्यावर दादाने हात झटकले, पण जागचा उठला नाही. मुलाने विचारलेल्या दहापैकी चार प्रश्नांची उत्तरे त्याने बरोबर दिली. शाळा सोडून त्याला तीन वर्षे झाली होती.

“चार आली की रे,” तो जणू स्वतःशीच म्हणाला.

“आणि आजी तर पाढ्यांत कधी चुकतच नाही. आजी, सात औट किती?”

“साडेचोवीस,” आजी आतूनच म्हणाली.

फराळ झाल्यावर दादा जावयास निघाला. दाराशी थांबून त्याने मुलाला हळूच विचारले, “दहावीला बाहेरून बसता येतं म्हणतात. सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो. तुमच्या गुरुजींना विचारशील का, कधी भरायचा तो?” मुलाने मान डोलावली. तोवर आजी आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसली होती, आणि जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा तिने बाहेर काढून ठेवला होता.